बाटलीच्या गळ्यातली हवा

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेकडच्या बो भागात जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी होती. तिथली फिकट रंगाची, कडवट बिअर लाकडी पिंपांत भरून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चढायची. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आणि विषुववृत्त दोनदा ओलांडून ती मुंबई-कलकत्त्याला पोचेपर्यंत चार ते सहा महिने उलटायचे. वाटेतला उकाडा, हेलकावे आणि गळकी लाकडं सोसूनही ती पिण्याजोगी राहायची आणि हातोहात खपायची. याच जातीच्या बिअरला पुढे ‘इंडिया पेल एल’, म्हणजे आयपीए हे नाव पडलं.

त्याच घराण्यातली आजची ‘हेझी आयपीए’ अमेरिकेत अनेक हौशी लोक घरी बनवतात. पहिल्या आठवड्यात बाटली उघडली की पिकलेला आंबा, पॅशन फ्रूट, पपनस असे वास दरवळतात. महिनाभरात त्याच खेपेतली दुसरी बाटली उघडावी, तर रंग चहाकडे झुकलेला, फळांचा वास पळालेला आणि मागे उरलेला जुन्या मधाचा, कधी ओल्या पुठ्ठ्याचा वास. बूच घट्ट असतं, आंबट चव नसते, जंतुसंसर्गाची एकही खूण नसते. त्याच माणसाने तशाच बाटल्यांत भरलेली काळी स्टाउट मात्र वर्षभरानंतरही चांगली लागते.

सहा महिने समुद्र सोसणाऱ्या बिअरचा वारस असा महिन्याभरात का मोडून पडतो?

हॉप्स राखतात, पण कशापासून?

बिअर म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं पाणी, यीस्टने आंबवलेलं. त्यात कडवटपणा आणि सुगंध येतो तो हॉप्समुळे. हॉप ही भांगेच्या कुळातली वेल. तिच्या मादी फुलांच्या पाकळ्यांआड पिवळ्या भुकटीसारख्या ग्रंथी असतात. या भुकटीत दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात: कडू आम्लं आणि सुगंधी तेलं.

कडू आम्लं उकळल्यावर रूप बदलून पाण्यात विरघळतात. लॅक्टोबॅसिलससारख्या, बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंना ती वाढू देत नाहीत. हॉजसनच्या पिंपांना तारलं ते याच आम्लांनी. शिवाय लाकडी पिंपात जिवंत यीस्ट असायचं. लाकडातून झिरपणाऱ्या हवेतला बराचसा ऑक्सिजन ते वापरून टाकायचं. अशा मुरलेल्या इंग्लिश बिअरमधलं एक संथ यीस्ट १९०४मध्ये कार्ल्सबर्ग ब्रुअरीतल्या निल्स क्लाउसेन यांनी ओळखलं आणि त्याला ‘ब्रेटानोमायसिस’ म्हणजे ब्रिटिश बुरशी असं नाव दिलं. त्या काळच्या पिणाऱ्यालाही ताज्या फळांचा वास नको होता. त्याला मुरलेली, कोरडी, कडू चव हवी होती आणि ती टिकायची.

नव्या आयपीएचा डोलारा दुसऱ्या गोष्टीवर, म्हणजे सुगंधी तेलांवर उभा आहे. ही तेलं उकळीत उडून जातात. म्हणून आंबवण संपत आली की थंड बिअरमध्ये पुन्हा हॉप्स टाकतात. याला ‘ड्राय हॉपिंग’ म्हणतात. हॉप्सची आम्लं बिअरला जिवाणूंपासून वाचवतात, पण हॉप्सच्याच सुगंधाला हवेपासून वाचवणारं त्यांच्यात काही नसतं. घरी बिअर करणारा सुरुवातीला स्वच्छतेचा धडा गिरवतो: भांडी, नळ्या, बाटल्या, सगळं निर्जंतुक. हॉप्सवाल्या बिअरसाठी त्याला तितकाच काटेकोर दुसरा धडा शिकावा लागतो, हवा दूर ठेवण्याचा.

छंद आणि कायदा

ब्रिटनमध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३मध्ये गेली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८च्या ऑक्टोबरमध्ये कायद्यावर सही केली आणि एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर बिअर स्वतःसाठी बनवण्याची मोकळीक मिळाली. त्याच सुमारास ऑरेगनमध्ये विकसित झालेल्या ‘कॅस्केड’ हॉपचा पपनसासारखा वास सिएरा नेवाडासारख्या नव्या ब्रुअऱ्यांनी लोकप्रिय केला. अमेरिकी बिअर आणि हॉप्सचा सुगंध हे समीकरण तेव्हापासूनचं.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्याने त्याला मनाई आहे. पुण्यात २००९मध्ये ‘डूलाली’ सुरू झाल्यापासून इथे मायक्रोब्रुअऱ्या रुजल्या. त्यांची बहुतेक बिअर टाकीतून थेट ग्लासात जाते, त्यामुळे बाटलीचा प्रश्न तिथे कमी छळतो. पुढची चर्चा त्यामुळे मुख्यतः अमेरिका-ब्रिटनसारख्या ठिकाणच्या घरांतली आहे.

ऑक्सिजन नेमकं करतो काय?

वांगं चिरून तसंच ठेवलं की काळं पडतं, म्हणून घरोघरी फोडी मिठाच्या पाण्यात टाकतात. फोडीतले पॉलिफेनॉल नावाचे पदार्थ आणि हवेतला ऑक्सिजन यांची गाठ पडली की तपकिरी रंग तयार होतो. पाण्याखाली ही गाठ पडायला वेळ लागतो. आयपीएतही पॉलिफेनॉल भरपूर असतात, कारण हॉप्स म्हणजे शेवटी पानाफुलांचा चोथाच. फरक एवढाच, की वांग्यात ही गाठ एक एन्झाइम घालून देतं, तर बिअरमध्ये ते काम धातूंचे सूक्ष्म अंश करतात.

ऑक्सिजनचा रेणू तसा सुस्त असतो. लोह, तांबं, मँगनीज यांचे अंश त्याला इलेक्ट्रॉन देतात आणि टप्प्याटप्प्याने हायड्रोजन पेरॉक्साइड व त्यापुढे अतिशय आक्रमक असे मुक्त कण तयार होतात. हे कण समोर येईल त्याला भिडतात. अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड बनतं, पॉलिफेनॉल एकमेकांना जोडले जाऊन रंग गडद होतो, कडू आम्लं मोडतात. गोम अशी, की हॉप्समध्ये मँगनीज बरंच असतं. म्हणजे सुगंधासाठी जितके जास्त हॉप्स टाकावेत, तितकी तो सुगंध मारणाऱ्या रसायनक्रियेलाही मदत मिळते.

सगळ्यात आधी बळी जातात ती थायॉल नावाची गंधकयुक्त संयुगं. कॅस्केड आणि सिट्रासारख्या हॉप्समधला पपनसाचा, पॅशन फ्रूटचा वास बऱ्याच अंशी यांचाच. सोविन्यों ब्लां वाइनमध्येही तीच असतात. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढी मात्राही नाकाला कळते. पण मुळात प्रमाणच एवढं कमी, की थोडंसं नष्ट झालं तरी वासात खड्डा पडतो.

स्टाउटचं कोडंही इथेच सुटतं. तिच्यात भाजलेल्या मॉल्टची कॉफी-चॉकलेटसारखी चव पुढे असते आणि रंग आधीच काळा असतो. ऑक्सिजनमुळे येणारी मधाची किंवा शेरीची छटा तिच्यात मुरून जाते. बदल तिच्यातही होतो, फक्त तो खटकत नाही.

गंमत म्हणजे हाच ऑक्सिजन सुरुवातीला हवाच असतो. यीस्ट घालताना लिटरमागे ८ ते १० मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असावा, असा प्रघात आहे. यीस्ट त्यातून आपल्या पेशींच्या भिंतीआतल्या पडद्यासाठी लागणारे स्निग्ध पदार्थ बनवतं आणि काही तासांत तो संपवतं. एकदा आंबवण जोमात आली, की पुढे शेवटपर्यंत त्याला दार बंद.

दहा मिलिलिटरचा हिशेब

बाटलीत बिअर आणि बूच यांच्यामध्ये थोडी जागा उरते. अमेरिकेतली नेहमीची बाटली ३५५ मिलिलिटरची. तिच्या गळ्यात १० मिलिलिटर हवा राहिली असं धरू. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे २.१ मिलिलिटर. वजनात तो साधारण २.८ मिलिग्रॅम भरतो. तो सगळा बिअरमध्ये गेला, तर लिटरमागे जवळपास ८ मिलिग्रॅम होतात.

व्यावसायिक ब्रुअऱ्या लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या खाली राहण्यासाठी धडपडतात. ८ मिलिग्रॅम म्हणजे ८,००० मायक्रोग्रॅम. गळ्यातल्या दोन चमचे हवेने मर्यादा १६० पटींनी ओलांडली!

कारखान्यात यंत्र आधी बाटलीतली हवा खेचून घेतं, कार्बन डायऑक्साइड भरतं, पुन्हा खेचतं, पुन्हा भरतं आणि मगच बिअर सोडतं. बूच लावण्याच्या क्षणभर आधी बिअरवर पाण्याची बारीक, जोरदार पिचकारी मारली जाते. त्यासरशी फेस उसळून बाटलीच्या तोंडापर्यंत येतो, गळ्यातली हवा बाहेर ढकलतो आणि त्या फेसावरच बूच बसतं.

यीस्ट आहे ना, मग ते का नाही वाचवत?

घरी बाटलीत बुडबुडे आणायची जुनी रीत म्हणजे भरताना थोडी साखर घालायची. बाटलीतलं उरलंसुरलं यीस्ट ती खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. बूच बंद असल्याने वायू बिअरमध्येच विरघळतो. लिटरमागे साधारण ६ ग्रॅम साखर अमेरिकी एलला पुरते. यीस्ट पुन्हा जागं होतं तेव्हा ऑक्सिजनही घेतं, म्हणून अशी बिअर सुरक्षित असते, असा समज आहे.

तो अर्धाच खरा आहे. बिअरमध्ये विरघळलेला ऑक्सिजन यीस्ट खरंच टिपतं. पण गळ्यातला ऑक्सिजन आधी बिअरमध्ये उतरावा लागतो आणि यीस्ट बहुतेक तळाशी जाऊन बसतं. मधल्या वाटेवर पॉलिफेनॉल, धातू आणि थायॉल टपलेलेच असतात. यीस्टच्या वाट्याला सगळा ऑक्सिजन येतच नाही. कमी हॉप्सच्या बिअरमध्ये हा घाटा चालून जातो, आयपीएत तो रंगात दिसतो आणि वासात कळतो.

बाटली भरण्याआधीच्या चोरवाटा

बऱ्याचदा घात बाटल्या भरायच्या दिवशी नव्हे, त्याआधी होतो.

आंबवण संपली की गाळ बसावा म्हणून बिअर गार करतात. फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवणीच्या भांड्यात, बिअरच्या वर चार लिटर वायू असेल आणि तापमान २० अंशांवरून २ अंशांवर आणलं, तर तो वायू सुमारे सहा टक्के आकसतो. म्हणजे जवळजवळ पाव लिटर बाहेरची हवा आत ओढली जाते. प्रत्यक्षात थोडी जास्तच, कारण गार बिअर स्वतःही कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. त्या पाव लिटर हवेतला सगळा ऑक्सिजन २० लिटर बिअरमध्ये विरघळला, तर लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर जातो. यावर साधा उपाय आहे. आंबवणीतून निघणारा वायू एका फुग्यात साठवायचा. गार करताना भांडं हवेऐवजी तोच वायू परत ओढतं.

वायूची कमतरता मुळी नसतेच. पाच टक्के अल्कोहोलची एक लिटर बिअर तयार होताना सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. वीस लिटरच्या खेपेतून चारशे लिटर! एरवी तो नुसता बुडबुडत निघून जातो. चलाख ब्रुअर तोच नळीने दुसऱ्या बंद पिंपात सोडून तिथली हवा हुसकतात.

दुसरी चोरवाट म्हणजे ड्राय हॉपिंगसाठी उघडलेलं झाकण. हॉप्सच्या गोळ्यांमध्येही हवा अडकलेली असते. म्हणून आंबवण पूर्ण थंडावण्याआधीच, यीस्ट अजून कामात असताना हॉप्स टाकले, तर आत गेलेला बराचसा ऑक्सिजन यीस्ट टिपतं आणि वर येणारा वायू उरलेल्या हवेला बाहेर काढतो. तिसरी वाट नळ्यांची. सिलिकॉनच्या मऊ नळीतून ऑक्सिजन सहज पाझरतो, म्हणून ती आखूड असलेली बरी.

बाटल्या भरण्याचा दिवस

जुन्या पद्धतीत बिअर आधी उघड्या बादलीत काढतात, तिच्यात साखरेचा पाक ढवळतात आणि मग बाटल्या भरतात. आयपीएसाठी ही बादली म्हणजे आपत्ती. नीट खळबळलेली बिअर खोलीच्या तापमानाला लिटरमागे ८-९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मुरवून घेऊ शकते. त्याऐवजी प्रत्येक बाटलीत मोजून साखर टाकावी, ३५५ मिलिलिटरला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. मग फर्मेंटरच्या तोटीला थेट भरणनळी जोडावी. या नळीच्या टोकाला स्प्रिंगची झडप असते. ती बाटलीच्या तळाला टेकली की उघडते, उचलली की बंद होते. बिअर तळापासून शांतपणे वर चढते आणि हवेला वर ढकलत जाते.

मुख्य मुद्दा गळ्याचा. नळी बाहेर काढली की तिच्या आकारमानाएवढी पातळी खाली जाते, म्हणून आधी तोंडोतोंड भरून घ्यावं आणि नंतर गरजेप्रमाणे थोडी बिअर वर घालावी. गळ्यात एखादा सेंटिमीटर जागा ठेवली, तर तिथे दोन-अडीच मिलिलिटरच हवा उरते आणि आधीचा हिशेब एकदम चौथाईवर येतो. अगदी काठोकाठ मात्र भरू नये. ऊब लागली की द्रव फुगतो आणि काच तडकू शकते.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल, तर भरण्याआधी बाटलीच्या तळाशी आणि बूच लावण्याच्या आधी गळ्यात फवारा मारता येतो. इथे एक गैरसमज फार पसरला आहे: हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तो बिअरवर पांघरूण घालून बसतो. तो हवेपेक्षा दीडपट जड आहे हे खरं, पण वायू एकमेकांत मिसळतात आणि खोलीतल्या वाऱ्याने आणखी लवकर मिसळतात. फवारा आणि बूच यांत मिनिटभर गेलं, तर फवाऱ्याचा फायदा बराचसा निघून जातो.

फेसावर बूच लावण्याची कारखान्याची युक्तीही घरी जमते, पण एका अटीवर. बिअरमध्ये आधीच बुडबुडे असले पाहिजेत. पिंपात दाबाखाली वायू भरलेली गार बिअर बाटलीत घेतली आणि बाटलीला हलकी टिचकी मारली, की फेस तोंडापर्यंत येतो. साखर घालून भरलेल्या संथ बिअरला एवढा फेस येत नाही. तिथे गळ्याची जागा कमी ठेवणं हाच खात्रीचा मार्ग.

दातेरी पत्र्याचं बूच १८९२मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी पेटंट केलं. त्याच्या आतलं मऊ अस्तर बाटली सील करतं, पण ऑक्सिजन अगदी सावकाश त्यातूनही आत येतोच. सिएरा नेवाडाने पिळून उघडायची बुचं सोडून ओपनरने उघडायची बुचं घेतली ती हवा कमी शिरावी म्हणूनच. ऑक्सिजन शोषणारं अस्तर असलेली बुचंही मिळतात, पण ती गळ्यातल्या दहा मिलिलिटर हवेवरचा तोडगा नव्हेत. काही जण वाइनमध्ये वापरतात त्या मेटाबायसल्फाइटची चिमूट घालतात. ते ऑक्सिजनशी झालेल्या रासायनिक लढाईतले कण पकडतं. सल्फाइटची ॲलर्जी किंवा दमा असलेल्यांना मात्र हे आधी सांगायला हवं.

चौकट: हवा रोखण्याचा क्रम

• आंबवण जागी असतानाच ड्राय हॉपिंग करावं, झाकण कमीत कमी वेळा उघडावं.
• गार करताना भांड्याला हवेऐवजी साठवलेला कार्बन डायऑक्साइड ओढू द्यावा.
• उघडी बादली टाळून साखर थेट बाटलीत घालावी.
• तोटीला जोडलेल्या नळीने तळापासून, खळबळ न करता भरावं.
• गळ्यात साधारण एक सेंटिमीटरच जागा ठेवावी.
• बाटली भरली की लगेच बूच लावावं, सगळ्या भरून होण्याची वाट पाहू नये.
• तपकिरी काच वापरावी. प्रकाशाने हॉप्समध्ये वेगळाच उग्र वास तयार होतो.

फुटणाऱ्या बाटल्या

हवेच्या मागे लागून दाबाचं भान सुटता कामा नये. हॉप्समध्ये स्वतःची एन्झाइम असतात. यीस्टला न पचलेल्या मोठ्या शर्करा ती तोडतात, यीस्टला नवं खाद्य मिळतं आणि संपलेली आंबवण पुन्हा सुरू होते. ब्राउन आणि मॉरिस या इंग्लिश रसायनज्ञांनी १८९३मध्येच हे नोंदवलं होतं. हॉप्सचा मारा वाढल्यावर अलीकडे त्याकडे पुन्हा लक्ष गेलं आणि त्याला ‘हॉप क्रीप’ असं नाव मिळालं. ही क्रिया बंद बाटलीत झाली तर दाब वाढत जातो आणि काच फुटते. म्हणून ड्राय हॉपिंगनंतर हायड्रोमीटरवरची घनता लागोपाठ तीन दिवस स्थिर आहे याची खात्री झाल्याशिवाय बाटल्या भरू नयेत.

बूच लागल्यानंतर

साखर घातलेल्या बाटल्या बुडबुड्यांसाठी २० अंशांच्या आसपास साधारण दोन आठवडे ठेवाव्या लागतात. त्यानंतर थेट फ्रिज. ब्रुअरी व्यवसायात एक ठोकताळा आहे: ३२ अंशांना तीन दिवस, २२ अंशांना तीस दिवस आणि ३ अंशांना तीनशे दिवस ठेवलेली बिअर साधारण सारखीच शिळी होते. आकडे काटेकोर नाहीत, पण उष्णतेचा वेग त्यातून कळतो. व्हरमाँटमधल्या ‘द अल्केमिस्ट’ ब्रुअरीच्या गाजलेल्या ‘हेडी टॉपर’सारख्या आयपीए ब्रुअरीपासून दुकानापर्यंत गारच ठेवल्या जातात, त्याचं कारण हेच.

आपलं काम कुठे चुकलं हे घरीच तपासता येतं. बुडबुडे आल्यावर एकाच खेपेतली एक बाटली फ्रिजमध्ये आणि एक कपाटात ठेवावी. तीन आठवड्यांनी कपाटातली आधी गार करून घ्यावी, मग दोन्ही सारख्या ग्लासांत ओतून पांढऱ्या कागदासमोर धराव्यात. रंगातला बदल बहुतेकदा वासाच्या आधी दिसतो. फ्रिजमधली पिवळी आणि कपाटातली तांबूस असेल, तर थोडी हवा शिरली आहे आणि उष्णतेने तिला वेग दिला आहे. दोन्ही तांबूस असतील, तर हवा बरीच शिरली आहे. अशा वेळी पुढच्या खेपेला आधी गळ्यातली जागा, मग भरण्याची नळी आणि शेवटी गार करताना फर्मेंटर काय ओढतो, या क्रमाने तपासत जावं.